हॅनाच्या मुलाचा बाप

लग्न उद्यावर आलं होतं आणि दाजी अजून ग्रीनवुडांच्या सातव्या पिढीतच अडकले होते. खळ्यात मांडव उभा होता, झावळ्या बांधून झाल्या होत्या, आचारी येऊन चुलीची जागा बघून गेला होता. आणि घरचा कर्ता माणूस चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन ओट्यावर बसला होता आणि विचारत होता, की हॅनाच्या मुलाचा बाप कोण.

"दोनशे वर्षां झाली त्येका, दाजीनू," सुगंधा म्हणाली. "आता तो बापूस गावान काय करूचो आसा? पंगतीक बसवतालात?"

"गाऱ्हाणा मी घालतलंय, तू नाय. बा देवा म्हाराजा, आमचा चेडू अमक्याच्या घराण्यात देतंव, असा म्हणूचा लागता. अमक्याच्या म्हणजे कोणाच्या? देवान इचारल्यान तर काय सांगू?"

"देवान आजपर्यंत कोणाक काय इचारल्यान?"

"म्हणानच आदी सगळा सांगूक लागता," दाजी म्हणाले.

धुऱ्यांच्या घरातलं गाऱ्हाणं चाळीस वर्षं दाजीच घालत आले होते. मुंबईच्या गिरणीत सांचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, होते तेव्हासुद्धा लग्नकार्याला रजा काढून यायचे, देवळात उभं राहून खड्या आवाजात देवाला सगळं सांगायचे आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. विश्राम, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ आणि सुगंधाचा नवरा, जाऊन नऊ वर्षं झाली. त्यामुळे त्याच्या मुलीचं, रियाचं, कन्यादानही दाजी आणि त्यांची बायको आनंदीबाईच करणार होते. थोडक्यात, दाजी अडले की लग्न अडलं. हे दाजींना पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच ते सकाळपासून अडून बसले होते.

आणि हे सगळं कुणामुळे, तर त्या आर्थरमुळे. रियाचा सासरा. स्वभावाने देवमाणूस, पण अकरा वर्षं खपून त्याने आपल्या ग्रीनवुड घराण्याची वंशावळ काढली होती आणि ती ताग्यासारखी गुंडाळून यॉर्कशरहून थेट मालवणकडच्या कट्टा गावाजवळच्या या घरात घेऊन आला होता. इंग्लंडात एप्रिलमध्ये रिया आणि टॉमचं रजिस्टर लग्न झालं तेव्हा दाजींनी फोनवर सहज विचारलं होतं, 'घराणा कसला?' विचारायचं म्हणून विचारलं. त्याचं उत्तर आठ हात लांब कागदावर आलं. विणकर आणि शेतकरी, शेतकरी आणि विणकर. घराच्या वरच्या मजल्यावर माग, खाली गाय, दाराशी ओट या धान्याचे दोन वाफे. सगळे कष्टाचे लोक. पण आर्थरने कष्टाने काढलेल्या वंशावळीत बायकासुद्धा घातल्या होत्या, आणि त्यातली एक हॅना. हॅनाच्या मुलाचं नाव जोसेफ, आणि जोसेफच्या बापाच्या जागी नुसती रेघ.

आता ही रेघ कोणाला दिसलीही नसती. पण देवेश, दाजींचा मुलगा, कट्ट्याच्या स्टॉपसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान चालवतो. आठवड्याला दहा वंशावळी टाईप करतो, वारसनोंदीच्या. दाजींना वाचता यावं म्हणून त्याने ग्रीनवुडांची मराठी प्रत काढली, आणि त्यात जोसेफच्या बापाचं नाव होतं: हेन्री.

"हो हेन्री खंयसून इलो?" रियाने काल विचारलं.

"मी घातलंय."

"म्हणजे?"

"अगो, बापाची चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म फुडे जाणाच नाय. बायलमाणसाचा नाव घेणा नाय, रिकामी सोडूक देणा नाय. मगे काय करू? हेन्री बरा नाव दिसला."

मुकाट्याने चालून गेलं असतं. दाजी हेन्रीवर खूश होते. पण रिया विश्रामची मुलगी. खोटं दिसलं की हिच्या पायाला चटका बसतो. तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं, की हेन्री नावाचा कोणी नव्हता, हॅनाचं लग्नच झालं नव्हतं, आणि पुढचे सगळे ग्रीनवुड तिच्याच नावाने चालले. तेव्हापासून दाजी असे ओट्यावर.

"नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधूक नये म्हणतत," सुगंधा शेवटचा उपाय म्हणून म्हणाली.

"ते ऋषी न्हय, ते ग्रीनवुड."

सुगंधाने रिकामे कप उचलले आणि आत गेली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यालाही काही मर्यादा असते. इंग्लंडातल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या पोराला बाप नाही म्हणून ज्याच्या पोटात दुखत होतं, त्याच माणसाने नऊ वर्षांपूर्वी आपल्याच भावाच्या पोरीला बापाच्या नावाखालून काढून टाकलं होतं. विश्राम गेल्यावर वारसनोंदीसाठी जी वंशावळ केली, शपथेवर, सहीशिक्क्याची, तिच्यात विश्रामच्या नावापुढे लिहिलं होतं: 'मयत, निर्वंश. वारस पत्नी सुगंधा.' रिया तेव्हा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. हाडामांसाची, जिवंत, दर रविवारी फोन करणारी.

आणि त्या कागदाखाली सुगंधाची सही होती.

ते रियाला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं सुगंधा हे एकच राखत आली होती. पोरगी शिकली, नोकरीला लागली, परदेशी गेली, आणि प्रत्येक वेळी सुगंधाच्या मनात एकच, की तिला कळता कामा नये. आईने आपल्या हाताने आपल्याला पुसलं हे लेकीने कुठून तरी वाचायचं, यापरीस तिच्या पोटात दुसरी भीती नव्हती. उद्याचा एक दिवस पार पडला, की पोरगी बुधवारच्या विमानाने जाणार होती.

"मानले काय?" आनंदीबाईंनी विचारलं. त्या चुलीपुढे उकड्या तांदळाची पेज ढवळत होत्या.

"हेन्री गावल्याशिवाय मानूचे नाय."

"शिरा पडो त्या हेन्रीच्या तोंडार," आनंदीबाई म्हणाल्या. "हॅनाबाय रडली काय गो दोनशे वर्षांपूर्वी? आता ह्यांका रडू येता."

बाहेर रियाचा आवाज चढला होता. सुगंधा धावत दाराशी आली. रिया दाजींच्या समोर खाली बसली होती, आणि तिच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत आर्थर गुडघे जुळवून बसला होता, काय चाललंय ते न कळून दोघांकडे आळीपाळीने बघत. नवरदेव टॉमला घरच्यांनी सकाळीच मालवणला मासळी बाजार बघायला पाठवून दिलं होतं, ते बरंच झालं.

"काका, ती बाई एकटी," रिया सांगत होती. "वरती सांचो, खाली गाय. झील पाळण्यात. दिसभर विणूचा, सांजचे गवत कापूचा. आणि तुमका ताच्या घोवाची चौकशी पडली हा."

"सांचो घरात?" दाजी म्हणाले.

"घरातच. हाताचो."

"एकलीच बसायची सांच्यार? आणि धोट्यात सूत कोण घालून देय?"

रियाला हे कुठे माहीत. तिने सासऱ्याला विचारलं. आर्थर हसला. त्याने मुठीत काहीतरी धरल्यासारखं केलं, ती मूठ तोंडाशी नेली आणि ओठांचा चंबू करून फुर्र करून श्वास आत ओढला.

दाजींनी चष्मा काढून बाजूला ठेवला, तशीच मूठ केली, तोंडाशी नेली आणि तस्साच श्वास ओढला. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या डोळ्यातून सूत तोंडाने ओढून काढायचं, दिवसातून शंभर वेळा; सांचेवाल्याशिवाय हे कोणाला समजायचं नाही.

"आमी पण तसाच करू," दाजी म्हणाले. "कापसाचो धुरळो सगळो पोटात. सांग ताका."

रियाने सांगितलं. आर्थर म्हणाला, त्याची आई गिरणीत हेच करायची, तिशीतच तिचे पुढचे दात गेले.

"दात? बघ म्हणा," असं म्हणून दाजींनी पाहुण्यापुढे आपली कवळी काढून दाखवली. आनंदीबाईंनी आतून बघून कपाळावर हात मारला. पण आर्थरला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो पुढे वाकून कवळी नीट बघत होता. मग गिरणी कधी बंद पडली, संप किती महिने चालला, पुढे काय केलंस, सगळं झालं. मधे रिया दोन्हीकडून बोलून बोलून थकली. अर्ध्या तासाने दाजींनी कवळी तोंडात बसवली आणि एकदम फर्मान काढलं, "घालतंय गाऱ्हाणा. हॅनाच्या घराण्यात देतंव म्हणान सांगतंय. सांचेवाल्याची जात ती आमचीच."

सुटलो एकदाचे, असं सुगंधाला खरोखर वाटलं, आणि ते सुमारे एक मिनिट टिकलं.

कारण आर्थरने कागद आणखी उलगडला. डाव्या अंगाला ग्रीनवुड भरले होते. उजवी बाजू कोरी होती, फक्त पेन्सिलीने आखलेल्या चौकटी. ही बाजू रियाची, तो म्हणाला. आता तुम्ही सांगा, मी लिहितो. आजोबा, पणजोबा, बायकांची नावंही, जितकी आठवतील तितकी.

"आठवूची कित्याक?" देवेश पायरीवरून उठला. हेन्रीच्या प्रकरणात सकाळपासून शिव्या खाऊन बसला होता, त्याला आता भरपाई करायची संधी दिसली. "आपली वंशावळ आसा की. शिक्क्याची. दुकानात कंप्युटरात आसा, आत्ता प्रिंट काडून आणतंय."

"नको रे," सुगंधा म्हणाली.

"धा मिनटात येतंय, काकी."

"अरे, नको म्हणतंय ना. तोंडान सांगतलंव आमी."

"तोंडी कित्याक? ते बघ किती व्यवस्थित लिवतत. आपला पण अधिकृत जावक व्हया," आणि त्याने मोटरसायकलला किक मारली.

नऊ वर्षांपूर्वी हा कागद यानेच टाईप केला होता. पण आठवड्याला दहा करणाऱ्याच्या लक्षात काय राहणार. त्याच्या लेखी ती एक फाईल होती. सुगंधाने दाजींकडे बघितलं. दाजी पणजोबांचं नाव सांगण्यात रंगले होते, 'रामा, रामाचो बापूस भिकाजी,' आणि सांगता सांगता मधेच थांबले. त्यांचा चेहरा उतरला. आठवलं एकदाचं.

ते 'पाणी पिऊन येतंय' म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात आले.

"सुगंधा, देवेशाक फोन कर."

"करतंय तर. उचलणा नाय."

"परत कर."

"मोटरसायकलीर आसा तो. पाच वेळा केलंय."

"वाटेत पेट्रोल संपला तर बरा," दाजी म्हणाले, स्वतःच्या मुलाबद्दल.

आनंदीबाईंनी डाव खाली ठेवला. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या वेळी याच चुलीपुढे बसून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "इल्यार सांगा कागद जुनो आसा म्हणान," त्या म्हणाल्या. "घेवन फाडून टाका. आजचो दिवस निभावूक व्हयो."

"व्हय, ता बरा," दाजी म्हणाले. "सुगंधा, तू दारार उभी रव. तो इलो की तुच घे त्येच्या हातातलो. मी घेतलंय तर रियाक संशय येतलो."

आणि इथे सुगंधाचा संताप झाला. दाजींचा आला, देवेशचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. नऊ वर्षांपूर्वीही हे असंच झालं होतं. दाजींनी असंच स्वयंपाकघरात येऊन, असाच हळू आवाज काढून सांगितलं होतं, सुगंधा, हंय सही कर. तेव्हाही सगळ्यांना दिवस निभावायचा होता. दिवस निभावता निभावता आख्खं पोर पुसून टाकलं आपण.

"मी लपवूचंय नाय," ती म्हणाली.

"म्हणजे काय करतलंस?"

"सांगतलंय."

"आज? लगीन उद्या आणि आज सांगतलंस? येडी काय खुळी?" दाजी म्हणाले. "बुदवारी ता जाताच आसा. मागसून कागद दुरुस्त करू. कोणाक कळूचा पण नाय."

"नऊ वर्षां मागसूनच करतात तुमी."

मोटरसायकल मांडवाशी वाजली. सुगंधा बाहेर आली तोवर देवेश ओट्यावर चढला होता, हातात कागद घेऊन, आणि तो कागद उन्हात चकाकत होता. शहाण्याने लॅमिनेट करून आणला होता. फाडायची सोयसुद्धा ठेवली नव्हती.

"पाहुण्यांका न्हेवक बरो," तो म्हणाला आणि त्याने तो रियाच्या हातात दिला.

"रियू, थांब," सुगंधा म्हणाली. "वाचू नको. आदी माजा आयक."

रियाने वर बघितलं. आर्थर पेन्सिल घेऊन तयार बसला होता. दाजी दाराच्या आतच थांबले.

"त्या कागदार तुजा नाव नाय," सुगंधा म्हणाली. "तुज्या बाबांच्या नावाफुडे निर्वंश लिवलेला आसा. बाबा गेल्यार केलेलो कागद तो. खाली माजी सही आसा."

रियाने कागद वाचला. एकच पान, पण तिला वेळ लागला. देवेशने तिच्या खांद्यावरून बघितलं, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

"ता माज्या डोक्यातला," दाजी बाहेर येत म्हणाले. "तुज्या आवशीचो काय संबंद नाय. तू पुण्याक होतंस. फुडे खंय खंय जातलंस. जमिनीच्या कागदांर आमच्या मुंबयवाल्या चुलत्यांच्या सह्यांसाठी अकरा वर्षां मी वणवण फिरलंय, एक सही मेळली की दुसरो मेलेलो. म्हटला, अजून एक सही परदेशात नको. चेडू ता, लगीन करून जाताला, ताका कित्याक अडकवा. इतकाच मनात होता. देवाशपथ."

रियाने त्यांच्याकडे बघितलंच नाही. "आई, तू वाचलेलंस?"

"ती कशी वाचतली?" दाजी घाईघाईने म्हणाले. "चवदावो दिस होतो. शुद्ध होती काय तिका? मी म्हटलंय सही कर, तिणा केल्यान."

केवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. चौदावा दिवस, डोळ्यात पाणी, समोर नुसतं काळं काळं दिसत होतं. कोणीही विश्वास ठेवला असता. रियाच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की तिलाही तेच ऐकायचं होतं.

"वाचलंय मी," सुगंधा म्हणाली. "दोनदा वाचलंय. दाजींका इचारलंय पण, ह्या असा कित्याक म्हणान. ते म्हणाले नुसतो कागद तो. आणि माका ह्या घरात रवाचा होता, रियू. बाबा नाय, तुजी फी भरूची. भांडण करून जावचा खंय? म्हणान सही केलंय."

आर्थरने हळूच विचारलं, काय लिहिलंय कागदावर. दाजींनी मान हलवून नको सांगू म्हणून खूण केली, आणि रियाने सगळं सांगितलं. एक शब्द वगळला नाही. आर्थरने कागदाकडे बघितलं, सुगंधाकडे बघितलं, आणि पेन्सिल मांडीवर ठेवून दिली.

"काका," रिया मग म्हणाली, "उद्या देवाक काय सांगतालात? माका कोणाचा चेडू म्हणान देतालात?"

"विश्रामाचा. आणि कोणाचा?"

"ह्या कागदार तर विश्रामाक चेडूच नाय. आणि हो कागद शपथेवरचो. दोन्ही कडे शपथ, दोन्ही कडे वेगळा."

दाजी ओट्याच्या कडेला बसले, खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि तो परत खांद्यावर न टाकता हातातच धरून राहिले. "चूक झाली," ते म्हणाले. "सोमवारी जातंय तलाठ्याकडे. पण दुरुस्तीक तुजी सही लागतली. एका फेरीत काम जावचा नाय. महिनो लागात, दोन लागतीत. आणि तू तर बुदवारी..."

"बुदवारी टॉम जातलो," रिया म्हणाली. "मी रवतंय. महिनो नाय, सहा महिने लागले तरी रवतंय. सही खंय खंय करूची ता माका दाखवा."

हे तिने काही मोठ्या आवाजात सांगितलं नाही. ऑफिसात रजेचा अर्ज सांगावा तसं सांगितलं, आणि उठली. देवेश म्हणाला, मी येतंय सोबत, सगळे फॉर्म मी भरतंय. "तू नको," असं तिने आणि दाजींनी एकदमच सांगितलं.

सुगंधा तिच्या वाटेतच उभी होती. हात पुढे गेला होता तिचा, पोरीच्या दंडाला धरायला.

"रियू."

"आई, आज माज्याशी बोलू नको," रिया म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती सुगंधाकडे सरळ बघत होती. "खोटा सांगलंस नाय तू, ता कळला माका. पण आज बोलू नको. उद्या बोल."

ती मांडवात गेली आणि आचाऱ्याची मोकळी पातेली उगाचच एकात एक रचायला लागली. नऊ वर्षं सुगंधाला या रागाची भीती वाटत आली होती, आणि तो वाटला होता त्यापेक्षा जास्तच लागला. पोरगी मात्र घर सोडून गेली नव्हती. इथेच, वीस पावलांवर, भांडी आपटत होती. सुगंधा आत गेली, आनंदीबाईंनी सरकून जागा दिली, आणि मग उद्याच्या सोलकढीचे नारळ खवता खवता तिने रडून घेतलं.